काही सापडलं नाही

संगणक जेव्हा सांगतो की धोका आढळला नाही, तेव्हा आपल्याला नेमकं काय कळलेलं असतं? धोका नाही हे, की आढळला नाही एवढंच? सांगलीत बी.ए.च्या मुलांना मी वर्षानुवर्षं भारतीय दर्शनं शिकवली. अभावाचं ज्ञान कसं होतं, हा पाठ त्यात दरवर्षी यायचा. जमिनीवर घडा नाही, हे कशावरून कळलं? मुलं म्हणायची, दिसत नाही यावरून. मी विचारायचो, दिवे गेले असते तर? आणि खरा तास तिथून सुरू व्हायचा.

माझ्या मॅकबुकमध्ये वाईच्या आमच्या गुरुजींच्या मीमांसेच्या वह्या पानन् पान स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. कागद ठिसूळ झालेला, शाई फिकी. मूळ वह्या आता फार उघडवत नाहीत. मध्यंतरी त्या मशीनवर ब्राउझर उघडला की भलतंच शोधपान समोर यायला लागलं. काही शोधावं तर उत्तरांच्या आधी जाहिरातींची रांग. माझी एक जुनी विद्यार्थिनी हिंजवडीत सायबर सुरक्षेचं काम करते. ती तेव्हा गावी आली होती. म्हणाली, "सर, बाहेरचं काही टाकण्याआधी मॅकचं स्वतःचं संरक्षण काय म्हणतंय ते बघू."

मॅकमध्ये ॲपलने 2009 सालीच, सिस्टिमच्या स्नो लेपर्ड या आवृत्तीबरोबर, एक्सप्रोटेक्ट नावाची तपासणी बसवली. नवं ॲप उघडताना ते माहीत असलेल्या घातक प्रोग्रामांच्या खुणांशी ताडून बघायचं, हे तिचं मूळ काम. 2022 मध्ये तिला रिमीडिएटर नावाची जोड मिळाली. मशीन निवांत असताना ती पडद्यामागे फिरते, दडलेलं काही असलं तर शोधते आणि काढून टाकते. आपल्याला यातलं काही दिसत नाही. जे झालं ते सिस्टिमच्या लॉगमध्ये लिहिलं जातं, आणि तो लॉग मुद्दाम उघडून वाचावा लागतो.

तिने टर्मिनल उघडलं, आज्ञा दिली, आणि ओळी पडायला लागल्या. प्रत्येक ओळीत आधी वेळ, मग शोध घेणाऱ्या उपप्रोग्रामचं नाव: अ‍ॅडलोड, पिरिट, ट्रोव्ही, डबरॉबर, कीस्टील. ही नावं शोधणाऱ्यांची म्हणून लिहिलेली असली तरी बहुतेक रोगांचीच आहेत. ज्याला जे शोधायचं त्याचंच नाव त्याला दिलेलं. नावापुढे महिरपी कंसात छोटासा मजकूर. 'कॉझ्ड बाय' याच्यापुढे रिकामा चौकोनी कंस, 'स्टेटस कोड' शून्य, 'स्टेटस मेसेज' म्हणून 'नो थ्रेट डिटेक्टेड', आणि शोधाला लागलेला वेळ, कुठे सेकंदाचा बारीकसा अंश तर कुठे बराच जास्त. सगळ्या ओळी एकसारख्या, शांत. मध्येच एका ओळीत मात्र 'प्लगइन कॅन्सल्ड' असं होतं. तिने तिथे बोट ठेवलं. "सर, ही ओळ बिनधोक नाही. इथे शोध सुरू झाला आणि मध्येच थांबला. काही मिळालं नाही आणि काही बघितलंच नाही, या वेगळ्या गोष्टी."

हे वाक्य मी मीमांसक कुमारिल भट्टांच्या नावावर सहज खपवलं असतं.

त्यांच्या परंपरेतल्या भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे ज्ञानाचं सहावं स्वतंत्र प्रमाण मानलं. प्रभाकरांच्या परंपरेला ते मान्य नाही, नैयायिक त्याची सोय प्रत्यक्षातच लावतात, पण एका अटीवर सगळे जवळपास एकत्र येतात. न दिसण्यावरून नसणं सिद्ध व्हायचं, तर ती वस्तू असती तर दिसलीच असती, एवढी योग्यता असायला हवी. उजेड हवा, डोळा धड हवा, वस्तू डोळ्याला दिसण्याजोगी हवी. घड्याच्या बाबतीत हे सगळं जमतं. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी याच्या उलट टोकाला पिशाच ठेवलं. पिशाच या खोलीत दिसत नाही, म्हणून नाही असं म्हणता येत नाही, कारण पिशाचाचा स्वभावच न दिसण्याचा. धर्मकीर्तींना त्यातून पिशाच आहे असं सुचवायचं नव्हतं. न दिसण्याच्या जोरावर कुठवर बोलता येतं, याची हद्द ते आखत होते.

व्हायरस लिहिणारा माणूस घड्याला पिशाच करण्याच्या मागे असतो. त्याहून वाईट म्हणजे तो डोळ्यावरच घाला घालतो. फ्लॅशबॅक नावाचा प्रोग्राम 2011 मध्ये फ्लॅश प्लेयरच्या इन्स्टॉलरचं सोंग घेऊन मॅकवर शिरायचा. त्याच्या एका आवृत्तीने काय केलं, ते फिनलंडच्या एफ-सिक्युअर कंपनीने उघड केलं. एक्सप्रोटेक्टला नव्या खुणा आणून देणारा जो भाग होता, तो आधी बंद पाडायचा आणि मग त्याच्या फायली पुसून टाकायच्या, हे त्यात लिहिलेलं होतं. एक्सप्रोटेक्ट त्यानंतरही चालूच राहणार. जुन्या यादीनिशी बघणार आणि काही नाही म्हणून सांगणार, तेही प्रामाणिकपणे. पुढच्या वर्षी या फ्लॅशबॅकच्या जाळ्यात सहा लाखांच्या आसपास मॅक होते.

म्हणून माझ्या विद्यार्थिनीने लॉग मिटला आणि सिस्टिम इन्फर्मेशनमधली 'इन्स्टॉलेशन्स'ची यादी उघडली. एक्सप्रोटेक्टच्या खुणांची फाइल आणि रिमीडिएटरचा संच शेवटचे कधी आले, त्याच्या तारखा तिने बघितल्या. तारखा ताज्या होत्या. मीमांसेच्या भाषेत, आधी ज्ञान ऐकलं आणि मग ज्ञानाच्या कारणात दोष आहे का ते पाहिलं.

फ्लॅशबॅकनंतर बरंच बदललं. 2015 पासून मॅकच्या मुख्य फायलींना प्रशासकाचाही हात लागू नये अशी व्यवस्था आली, 2020 पासून सिस्टिमचा सगळा भाग मोहोरबंद असतो आणि ती मोहोर जुळली तरच मशीन त्याच्यावर विसंबतं. पण तत्त्वाचा प्रश्न यामुळे सुटत नाही, एक पायरी मागे जातो. डोळा तपासणाऱ्याला कोण तपासणार?

नागार्जुनांनी 'विग्रहव्यावर्तनी'त नैयायिकांना नेमकं इथेच पकडलं. प्रमाणांनी वस्तू सिद्ध होतात म्हणता, तर प्रमाणं कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर त्याला शेवट नाही, आपोआप म्हणाल तर बाकीच्यांना प्रमाण कशाला मागता? न्यायसूत्रांनी या शंकेला दिलेलं तराजूचं उदाहरण मला फार आवडतं. तराजूने सोनं जोखतात, आणि तराजूवर संशय आला की खात्रीच्या सोन्याने तराजू जोखतात. तीच वस्तू एकदा मापणारी असते, एकदा मापली जाणारी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो, तिथल्या काट्याला वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो, आणि तो मुदतीने पुन्हा घ्यावा लागतो. काटा स्वतःवर शिक्का मारत नाही. त्याच वेळी, शिक्का मारणाऱ्याच्या प्रमाण वजनाचं काय, असं विचारत कोणी सौदा अडवूनही धरत नाही.

संगणकाच्या लोकांनी हा प्रश्न गणिताने सोडवून पाहिला, आणि तो पूर्ण सुटणार नाही असंच सिद्ध झालं. फ्रेड कोहेन यांनी 1980च्या दशकात दाखवलं की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्राम असूच शकत नाही. युक्तिवाद एखाद्या शास्त्रार्थात शोभेल असा आहे. समजा असा सर्वज्ञ परीक्षक आहे. मग मी एक प्रोग्राम लिहितो, तो आधी त्या परीक्षकालाच विचारतो, मी व्हायरस आहे का? परीक्षक हो म्हणाला तर गप्प बसतो, नाही म्हणाला तर पसरतो. परीक्षक काहीही म्हणाला तरी खोटा पडतो. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या, 1984 मध्ये छापलेल्या व्याख्यानात आणखी खोल बोट घातलं. प्रोग्रामला यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरमध्येच खोट दडवली, आणि तोच कंपायलर पुढचा कंपायलर घडवतानाही ती खोट गुपचूप भरत राहिला, तर मूळ मजकूर ओळ न् ओळ वाचूनही ती कुणाला दिसणार नाही. पुढे डेव्हिड व्हीलर यांनी यावर उपाय मांडला. त्यात कामी येतो तो दुसरा, वेगळ्याच हातांनी घडवलेला कंपायलर. दोघांकडून काम करून घ्यायचं आणि निष्पन्न जुळतं का ते बघायचं.

हे सगळं वाचून एखादा म्हणेल की मग कशावरच विसंबता येत नाही. मला तसं वाटत नाही, आणि इथे मी कुमारिलांच्या बाजूला उभा राहतो. त्यांचं म्हणणं असं की ज्ञान मुळात खरं म्हणूनच उगवतं. त्याच्या खरेपणासाठी वेगळा दाखला लागत नाही. ते खोटं ठरतं ते दोनच कारणांनी. एक, त्याला बाधित करणारं दुसरं ज्ञान आलं. दुसरं, ज्या साधनाने ते झालं त्यातच दोष सापडला. यांपैकी काही पुढे आलं तर तपासा. तीन-चार वेळा ताडून पाहिलं की पुरे, त्यापुढे नुसत्या शंकेसाठी शंका काढत बसू नका. न्यायाचे उदयनाचार्य वेगळ्या वाटेने याच्या जवळ येतात. शंका कुठवर? तर आपल्याच वागण्याशी तिचा विरोध येईपर्यंत. अन्नाने भूक भागेल की नाही अशी शंका बोलून दाखवायची आणि ताटावर बसायचं, हे चालणार नाही. श्रीहर्षांनी 'खंडनखंडखाद्य'मध्ये उदयनांचे शब्द त्यांच्याच गळ्यात घातले हे मला ठाऊक आहे. तरीही माणसाने जगावं कसं, या प्रश्नात उदयन मला जास्त जवळचे वाटतात.

लॉगमधल्या त्या नावांत एक 'आयकार' होतं. आयकार ही 68 अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल. तिच्यात कसलाही रोग नाही. जगभरच्या व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामांनी आपापसात ठरवलं आहे की ही फाइल दिसली की व्हायरस सापडल्यासारखी हाक द्यायची. ती मशीनवर टाकून बघितली की शोधणारा जागा आहे का ते कळतं. मला यात न्यायदर्शनाचा गाभा दिसला. ज्ञान खरं होतं का, ते त्यावर विसंबून केलेल्या कृतीला फळ येतं का यावरून कळतं, असं नैयायिक सांगत आले. पाणी दिसलं, गेलो, तहान भागली. म्हणजे ते मृगजळ नव्हतं. 'धोका आढळला नाही' या वाक्याला किंमत येते ती याच यंत्राने पूर्वी कधी 'आढळला' असं म्हणून दाखवलं असेल तेव्हा. ज्याने आयुष्यात कधी हाकच दिली नाही, त्याच्या मौनावरून काही ठरवता येत नाही.

2008-09 मध्ये विंडोजवर कॉनफिकर पसरला, तेव्हा अनुपलब्धीचा त्याहून सुंदर प्रयोग झाला. कॉनफिकर सुरक्षा कंपन्यांच्या साइट उघडूच द्यायचा नाही. काही जाणत्यांनी एक पान बनवलं, त्यात त्याच साइटवरची चित्रं ओळीने लावली. सगळी चित्रं दिसली तर बहुधा ठीक. काही चित्रांच्या जागा रिकाम्या राहिल्या तर संशय घ्या. जे दिसायलाच हवं होतं ते दिसत नाही, म्हणजे आड कोणी उभं आहे. ही खरी योग्य अनुपलब्धी.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो. धर्म आपल्याला रोज जी तपासणी करायला सांगतो, ती बाहेरच्या यंत्राची नाही. मनाची आहे. समर्थांनी 205 श्लोक मनालाच उद्देशून लिहिले. निजताना दिवसाचा झाडा घ्यावा, कुणाचा मत्सर केला का, लोभ धरला का, हे आपण लहानपणापासून ऐकलं. पण इथे शोधणारं तेच आणि ज्यात शोधायचं तेही तेच. मनाने मनात पाहिलं आणि सांगितलं, काही सापडलं नाही. या ज्ञानाची योग्यता काय? मत्सर हा घड्यासारखा मांडून ठेवलेला नसतो. तो न्यायबुद्धीचं सोंग घेतो, शिस्तीचं घेतो, परंपरेच्या अभिमानाचं घेतो.

शिवाय यादीचा प्रश्न आहे. रिमीडिएटर जसा नाव ठाऊक असलेला रोग शोधतो, तसंच मनही शोधतं. आपल्याकडे षड्रिपूंची यादी आहे: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. यादी मोठ्या अनुभवाची आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण माझ्याच ज्ञानपरंपरेत शतकानुशतकं विद्वान, सदाचारी, निर्लोभी माणसं रोज संध्या करत होती, अंतर्मुख होऊन स्वतःला तपासत होती, आणि समोरच्या माणसाची सावलीही टाळण्यात त्यांना एकही रिपू दिसत नव्हता. यादीत ती खूणच नव्हती. उलट तो पाळण्याचा आचार होता. ती खूण बाहेरून आली, ज्यांनी ते सोसलं त्यांच्याकडून. जोतीरावांनी लिहिलं, 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसं पाणी प्यायला गेली, तेव्हा कुठे काही पंडितांच्या नजरेला आपल्या आतलं हे दिसलं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचा मला अभिमान वाटतो तो याचसाठी. केवलानंद सरस्वतींसारखा मीमांसाकोश रचणारा माणूस जिथे होता, तिथूनच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्रार्थ घेऊन गांधीजींच्या मदतीला येरवड्याला गेले. शास्त्र तेच होतं. पाहणाऱ्याच्या यादीत एक नाव वाढलं होतं.

माझ्या विद्यार्थिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण सर, वेदान्ती म्हणतील की साक्षी आहेच की आत. मनाच्या बाहेरचा, मनाला बघणारा. मग बाहेरचं माणूस कशाला?" प्रश्न बरोबर होता. साक्षी सगळं पाहतो यावर माझी श्रद्धा आहे. पण वेदान्ताच्याच म्हणण्याप्रमाणे साक्षी उदासीन असतो. दिवा जसा लग्नघर आणि सुतकघर सारखंच उजळतो, तसा तो मत्सरही उजळतो आणि करुणाही. निवाडा तो करत नाही. निवाडा बुद्धी करते, आणि शंका तर बुद्धीवरच आहे. भक्त म्हणेल, विठ्ठल आतलं जाणतो. जाणतोच. मात्र त्याचं जाणणं मला ऐकू यायचं तर त्यालाही बहुधा दुसऱ्या माणसाच्या तोंडाने बोलावं लागतं.

अशी बाहेरची नजर संगणकातही आहे. विंडोजमध्ये डिफेंडर या संरक्षक प्रोग्रामची एक ऑफलाइन तपासणी असते. अनेकांच्या मशीनमध्ये ती असूनही वापरलेली नसते. ती निवडली की संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पण नेहमीची सिस्टिम उठायच्या आधी, तिच्या बाहेरच्या एका छोट्या वातावरणात. रोगाला उठायची संधीच मिळत नाही, आणि निजलेली सिस्टिम बाहेरून तपासली जाते. पंधराएक मिनिटांत काम होतं आणि निकाल 'प्रोटेक्शन हिस्टरी'त लागतो. हे वाचताना मला बौद्ध संघाची प्रवारणा आठवली. वर्षावासाचे तीन महिने भिक्षू एकत्र राहतात, आणि तो संपताना प्रत्येक जण संघापुढे हात जोडून विनंती करतो: माझ्याबद्दल जे पाहिलं असेल, जे ऐकलं असेल, ज्याची शंका आली असेल, ते माझ्यावर दया करून सांगा, मला पटलं तर मी सुधारेन. पाली ग्रंथांत खुद्द बुद्धांनीही भिक्षूंना असं विचारल्याची कथा आहे. या तिहेरी विनंतीतला तिसरा भाग मला सगळ्यात धीट वाटतो. पाहिलेलं सांगा म्हणणं त्या मानाने सोपं. शंका आलेलीही सांगा, असं म्हणायला आपल्या आतल्या शोधाची योग्यता अपुरी आहे हे मनापासून मान्य असावं लागतं.

लॅपटॉपचं म्हणाल तर ती थांबलेली ओळ सोडता लॉग शेवटपर्यंत स्वच्छच निघाला. दोष ब्राउझरच्या एक्स्टेंशनमध्ये होता. पीडीएफ जोडणाऱ्या एका फुकट ॲपबरोबर ते आलं होतं आणि शोधपान बदलण्याची परवानगी त्याच्याकडे रीतसर होती. एक्सप्रोटेक्टच्या यादीत ते नव्हतं. विद्यार्थिनीने एक्स्टेंशनची यादी डोळ्यांनी वाचली, "हे कशाला हवंय सर?" असं विचारलं आणि ते काढलं. एक्सप्रोटेक्टवरचा माझा विश्वास यामुळे कमी झालेला नाही. त्याने जे शोधलं ते नव्हतं, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. वह्यांची एक प्रत आता वेगळ्या डिस्कवर आहे.

सांगलीत आम्हा काही जणांचं एक अभ्यासमंडळ आहे. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, एक वकील आहेत, एक डॉक्टरीणबाई आहेत, आणि आता सुट्टीला आली की ही विद्यार्थिनीही येते. प्रवारणा आश्विन पौर्णिमेला होते, आणि तीच आपली कोजागिरी. यंदा दूध झाल्यावर आम्ही एकमेकांना ते तीन प्रश्न विचारायचे ठरवलं आहे: काय पाहिलंत, काय ऐकलंत, कशाची शंका आली. वकीलसाहेबांचा पहिल्यांदा विरोध होता. मित्रमंडळीत वितुष्ट येईल, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पटलं तर सुधारेन, असंच आहे ना त्यात? मग न पटल्यास तसं सांगायची मोकळीकही आहे की." त्यावर ते राजी झाले. संघात सुरुवात ज्येष्ठांपासून होते, तेव्हा पहिला मी विचारणार.